आवरून थांबणारे मुकुंदअण्णा

मुकुंदअण्णांना हाक मारून बघा. ‘ओ’ येणार नाही. आधी पेनाला टोपण लागेल, उघडी फाइल मिटेल, मग मान वळेल आणि म्हणतील, ‘हं, बोला अक्का.’ तोवर आपण हाक कशाला मारली तेच विसरलेलो असतो! मी वयानं त्यांची मुलगी शोभेन अशी, हुद्द्यानं वरिष्ठ, तरी अक्का.

एकदा ऑफिसात धूर झाला. आम्ही सगळे धडाधड जिने उतरून खाली रस्त्यावर. अण्णा मात्र डब्याला झाकण लावून, खुर्ची आत सारून, सावकाश आले. मी रस्त्यातच ओरडले, ‘अहो, जीव जाईल एखाद्या दिवशी!’ तर म्हणतात, ‘तडीरी अक्का! पसारा टाकून कसं यायचं?’ तडीरी म्हणजे कन्नडमध्ये थांबा. दिवसातून पन्नासदा ऐकते मी हे. डोकं उठतं!

आमचं सॉफ्टवेअर म्हणजे दुसरी सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर बसवून देणारं. त्यात अण्णांची कामं दोन. मशीन जुनं बत्तीस बिटवालं की नवं चौसष्ट, ते ओळखून त्याला चालेल तेच पॅकेज द्यायचं. आणि मध्येच कुणी कंट्रोल-सी दाबून ‘थांब’ म्हटलं, तर अर्धवट टाकलेल्या फायली काढून, सगळं पूर्ववत करून मगच थांबायचं. हे दुसरं काम त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही, कबूल.

साहेबांचा हुकूम आला, बत्तीस बिट यादीतून काढा. अण्णा हटून बसले. ‘धारवाडला मळमड्डीत आमचे शाळेतले सर वापरतात.’ म्हणजे एका सरांसाठी आम्ही प्रत्येक आवृत्ती दोनदा तपासायची? संतापले मी. म्हटलं, चला, मीच देते त्यांना ऑफिसातला एक जादा लॅपटॉप. विषय संपला!

रविवारी लॅपटॉप पिशवीत घालून अण्णांबरोबर बसनं धारवाड गाठलं. सर ऐंशीचे, घरात एकटे. अण्णांनी अपडेट सुरू केलं आणि स्वतःच चहा टाकायला आत गेले. अपडेट संपतच आलं होतं. तेवढ्यात सरांनी माझ्याकडे बघितलं, हळूच हात पुढे केला आणि कंट्रोल-सी दाबलं! झालं, मशीन पुन्हा होतं तसं.

अण्णा कप घेऊन आले. ‘राहिलं वाटतं, सर.’

‘राहिलं बघ, मुकुंदा. पुढच्या रविवारी येतोस?’

‘येतो की.’

मग दोघं दोन तास बोलत बसले, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये. माझ्या लॅपटॉपचा विषय काढायला फटच मिळाली नाही.

परतताना बसमध्ये मी भडकले. ‘अण्णा, सरांनी मुद्दाम बंद केलं! मी डोळ्यांनी बघितलं!’

‘माहीत आहे.’

‘माहीत आहे? कधीपासून?’

‘बाई गेल्यापासून.’ बाई म्हणजे सरांची बायको.

‘मग नुसतं भेटायला जा की! हा खटाटोप कशाला?’

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘नुसतं ये म्हणायला त्यांना जमत नाही, अक्का. आणि नुसतं जायला मला. आई गेल्यापासून रविवारी माझ्याशी तरी बोलतं कोण?’

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

सोमवारी साहेबांच्या खोलीत जाऊन कडाडून भांडले. साहेब वैतागले. ‘एवढं काय आहे त्या बत्तीस बिटात? वापरतं तरी कोण ते?’

‘दोघं जण,’ मी म्हणाले.