पुतळ्याच्या पाठीमागचा आवाज

अखंडराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या सामन्याचं समालोचन करायला बसले की हा गृहस्थ श्वास कुठे घेतो ते कोणाला कळत नसे, म्हणून चॅनेलवाल्यांनी त्यांचं हे बारसं केलं होतं. अशा माणसाची बोलती बंद व्हावी हे नवलच, पण मागच्या स्पर्धेत ती झाली होती. 'पुतळा' म्हणून ओळखला जाणारा खेळाडू टेबलावर वाकला, वाकलेलाच राहिला, आणि अखंडरावांपाशी होतं नव्हतं ते सगळं सांगून संपलं. टीव्हीवर इतका वेळ शांतता पसरली, की लोकांनी आधी संच ठोकून पाहिले आणि मग दुसरं चॅनेल लावलं.

आज अंतिम सामना होता आणि टेबलावर पुन्हा पुतळाच होता.

"अखंडराव," हेडफोनमधून वरच्या मजल्यावरच्या निर्मात्या बाई म्हणाल्या, "आज शांतता पडली तर उद्यापासून तुमच्या खुर्चीत दुसरं कोणीतरी. आधीच सांगून ठेवते, नंतर वाईट वाटून घेऊ नका."

"नाही पडणार, बाई. पण आपले तज्ज्ञ कुठायत?"

"घसा बसलाय त्यांचा. एकट्यानंच किल्ला लढवा."

शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यापुढचा माईक बंद. जन्मभर बोलण्याखेरीज दुसरं काही न शिकलेल्या अखंडरावांनी आपला माईक जवळ ओढला. त्यांची समालोचनाची खोली म्हणजे टेबलाला लागूनच उभी केलेली पातळ प्लायवूडची पेटी, पुढे एक काच. पुतळा वाकला की त्याची पाठ जेमतेम हातभर अंतरावर येई, म्हणून बोलायचं ते कुजबुजत बोलावं लागे.

पुतळ्याच्या विरुद्ध खेळत होता 'वावटळ'. हा टेबलाभोवती जवळजवळ धावतच खेळायचा. समोरचा संथ असला की डोकं फिरू नये म्हणून प्रशिक्षकाने त्याला उपाय शिकवला होता: टेबलाकडे बघायचंच नाही, बुटांच्या नाड्या सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या. पहिल्याच फ्रेममध्ये, म्हणजे डावात, त्याची एक नाडी तुटली.

कारण पुतळा वाकला होता. अखंडरावांनी चेंडूचा कोन सांगितला, टेबलावरच्या कापडाची जात सांगितली, मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "कदाचित आता तो खडू लावेल." पुतळा सरळ झाला आणि त्याने काठीच्या टोकाला खडू लावला.

"बहुधा टेबलाला एक फेरी मारून पाहील." पुतळ्याने सावकाश फेरी मारली आणि येऊन पुन्हा वाकला.

सभागृहात फक्त टेबलावरचा दिवा जळत होता. अखंडराव माईककडे आणखी झुकले. खात्री करून घ्यावी म्हणून ते अगदी हळू म्हणाले, "भले भले खेळाडू अशा वेळी डावा कान खाजवतात."

पुतळ्याचा हात कानाकडे गेला.

"क्या बात है," बाई कानात म्हणाल्या. "कान कसा ओळखलात हो?"

'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणत आईने लहानपणी कितीतरी धपाटे घातले होते. याची जीभ काळी आहे, असं तिचं मत होतं. अखंडरावांनी काचेत जीभ बाहेर काढून पाहिली. अंधारात तिथे सगळंच काळं दिसत होतं. आता 'चेंडू चुकेल' म्हणायची सोय नव्हती, आणि 'जाईल' म्हणणं म्हणजे वावटळीच्या पोटावर पाय. मग त्यांनी निरुपद्रवी विषय धरले: भिंतीचा रंग, पंचांचे मोजे, खालचा गालिचा. ते जितकं बोलत, तितका पुतळा गोठत जाई. वावटळीची दुसरी नाडीही तुटली.

मध्यंतरात चहाच्या यंत्रापाशी पुतळाच त्यांच्याशेजारी येऊन उभा राहिला.

"काका, आज आमच्या बाबांचं काहीतरी बिनसलंय."

"सामना बघायला आलेत का ते?"

"त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली." पुतळ्याने शांतपणे कप भरला. "खेळ त्यांनीच शिकवला. माझ्या पाठीमागं उभे राहायचे. अजूनही मी वाकलो की मागून बोलतात. एरवी मोजकंच. 'बाळ्या, मार.' घरातलं नाव माझं, बाहेर कोणाला ठाऊक नाही. पण मागच्या स्पर्धेपासून काय झालंय, थांबतच नाहीत. खडू लाव, फेरी मार, कान खाजव. आज तर गालिच्यावर बोलत होते. आता वडीलधारं माणूस बोलत असताना मध्येच चेंडू मारायचा का? गप्प झाले तरी बोलणं संपलंय की नुसता श्वास घेतायत, हे कळायला वेळ लागतो."

अखंडरावांनी हातातला कप यंत्रावर ठेवला. "आवाज... त्यांचाच आहे?"

"जरा घोगरा झालाय. वय झालं असेल." पुतळा पहिल्यांदाच हसला. "पण खरं सांगू? एवढे भरभरून जिवंतपणी कधी बोलले नाहीत. बरं वाटतं."

पातळ प्लायवूडपलीकडून कुजबुजणारे हे बाबा म्हणजे अखंडराव स्वतःच होते. तो शॉट मारत नाही म्हणून आपण बोलतोय, आणि आपण बोलतोय म्हणून तो मारत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून ते सांगणार कसं?

शेवटची फ्रेम आली. दोघे बरोबरीत होते, टेबलावर फक्त काळा चेंडू उरला होता, आणि पाळी पुतळ्याची होती. तो वाकला. अखंडराव बोलत राहिले तर तो उद्यापर्यंत तसाच राहील, आणि गप्प बसले तर नोकरी गेली. एक 'मार' म्हटलं असतं तर काम झालं असतं, पण मेलेल्या बापाच्या नावावर हुकूम सोडण्याइतके ते निर्ढावलेले नव्हते. त्यांना बायको आठवली, घराचा हप्ता आठवला, आणि तरी त्यांनी बाईंची बोलणी ऐकायला नकोत म्हणून हेडफोन काढून ठेवला. मग हाताने तोंड घट्ट दाबून धरलं.

सगळीकडे शांतता पसरली. मानेवरून गार झुळूक गेली. शेजारची खुर्ची किंचित करकरली. आणि पुतळ्याचे आवळलेले खांदे हळूहळू सैल पडले.

टक असा आवाज झाला आणि काळा चेंडू टेबलाच्या खिशात गेला. टाळ्या पडल्या. वावटळ बूट तिथेच टाकून नुसत्या मोज्यांवर आला आणि हरूनही पुतळ्याला कडकडून भेटला. सामना संपला, एवढंच त्याला पुरे होतं.

अखंडरावांनी जड हाताने हेडफोन चढवला. "बाई, चुकलंच माझं."

"चुकलं कसलं? शेवटी तुमचं पाल्हाळ सोडून नुसतं म्हणालात, 'घाई नाही, बाळ्या. हं, मार.' इथं वर सगळ्यांना शहारा आला हो. खुर्ची पक्की तुमची. फक्त एक करा, स्वतःच्याच माईकवर बोलत जा. ते वाक्य शेजारच्या माईकवरून आलं."

अखंडरावांनी शेजारी पाहिलं. खुर्ची रिकामीच होती, पण तिच्यापुढच्या माईकचा लाल दिवा लागलेला होता.

त्यांनी गपचूप पिशवी उचलली आणि दारापर्यंत गेले. तिथे घुटमळले, मागे वळले. वडीलधाऱ्या माणसाला न सांगता निघणं बरं दिसत नाही.

"येतो हं," ते खुर्चीला म्हणाले आणि तिकडून उत्तर यायच्या आत बाहेर पडले.