सेवा घेणाऱ्याची सही

चिठ्ठीवर ‘दालन क्रमांक चौदा’ एवढंच लिहिलं होतं, आणि विद्यापीठाच्या दोन इमारतींत मिळून चौदा नंबरची दालनं दोन होती. हे कळायला भागूबाईला चांगला तासभर लागला. भागूबाई म्हणजे सांकेतिक भाषेची दुभाषी. ज्या विद्यार्थ्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासमोर बसून प्राध्यापकांचं बोलणं हातांनी सांगायचं, हे तिचं काम. लहानपणी ती झुरळापासून शाळेच्या घंटेपर्यंत सगळ्याला भ्यायची, म्हणून थोरल्या बहिणीने तिला भित्री भागूबाई ठरवलं होतं. पुढे ‘भित्री’ म्हणायची गरज उरली नाही.

आज भिण्याला कारणही होतं. तास संपला की चिठ्ठीवर ‘सेवा घेणाऱ्याची सही’ या रकान्यात विद्यार्थ्याची सही घ्यावी लागे. सही नसेल तर तास बुडाला, आणि उमेदवारीच्या काळात तीन तास बुडाले की नोकरी गेली. तिचे दोन बुडालेले होते. पहिल्यांदा बस चुकली होती. दुसऱ्यांदा खोली सापडली नाही आणि समन्वयक बाईंना फोन करून विचारायची हिंमत झाली नाही. आजही ती झाली नव्हतीच.

ती पोचली तेव्हा तास सुरू झाला होता. एरवी आधी विद्यार्थ्याला भेटायचं असतं, पण आता कुठलं भेटणं? समन्वयक बाईंचा दंडक होता, की तास सुरू झाल्यावर आपण फक्त हात. स्वतःचं एक अक्षरही बोलायचं नाही, आणि खोलीत जे जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, गाळायचं काही नाही. पहिल्या बाकावर एक मुलगी तिच्याकडे टक लावून पाहत होती. ऐकू न येणारी मुलं पुढेच बसतात, म्हणून भागूबाईने फळ्याशेजारी खुर्ची ओढली आणि हात चालवायला सुरुवात केली. मुलगी मान डोलावू लागली. एक अनोळखी बाई आपल्याकडेच बघून हातवारे करतेय म्हटल्यावर ती बिचारी दुसरं करणार तरी काय?

खडकांचे थर शिकवणाऱ्या त्या सरांना मुलं तोफ म्हणत. ते फळ्याकडे तोंड करून गडगडत आणि प्रश्न कोणाचा घेत नसत. पण आज मागे वळले, तेव्हा खुर्चीवरची बाई आणि तिचे हात बघून त्यांचा खडू हवेतच थांबला. चेहरा पांढराफटक पडला. मग ते वर्गाकडे तोंड करून हळूहळू, सुटं सुटं बोलू लागले. असं तीन वर्षांत कधी झालं नव्हतं.

वीसेक मिनिटांनी पहिल्या बाकावरच्या मुलीचा फोन थरथरला. तिने तो ओढणीआड कानाला लावला आणि कुजबुजली, “आई, तासाला बसलेय गं, नंतर करते.”

भागूबाईचे हात सवयीने चालूच होते. ‘आई, तासाला बसलेय गं, नंतर करते,’ असं तिने त्या मुलीलाच खुणांनी सांगून टाकलं. मग तिच्या ध्यानात आलं. या मुलीला ऐकू येत होतं.

थांबावं तर सगळा वर्ग विचारणार, थांबू नये तर सांगायचं कोणाला? तिने खिडकीजवळच्या मुलाकडे बघून हात चालवून पाहिले. त्याने घाईने पुस्तक उघडलं. तिसऱ्या रांगेकडे पाहिलं तर तिसरी रांग ताठ बसली. ही विद्यापीठाने पाठवलेली तपासनीस आहे अशी वर्गाची खात्री पटत चालली होती. एकाने भीत भीत विचारलं, “सर, खिडकी उघडू का?”

“हो, ते परीक्षेला नक्की येणार,” सर म्हणाले.

भागूबाईने दोन्ही वाक्यं इमानाने सांगितली. मुलांनी खिडकी वहीत लिहून घेतली.

तास संपताच सरांनी तिला आपल्या खोलीत यायची खूण केली. ती मागोमाग गेली. दार लागलं, आणि सरांनी काही विचारायच्या आत तिने मान खाली घालून पुटपुटत सगळं सांगून टाकलं: चुकीची इमारत, कोरी चिठ्ठी, तिसरा तास, जाणारी नोकरी. बोलून झाल्यावर वर पाहिलं तर सरच भेदरलेले दिसले.

“तुम्ही काय म्हणालात, मला एक अक्षर ऐकू आलं नाही,” ते म्हणाले. “गेली तीन वर्षं असंच आहे, कोणी ओरडलं तरच कळतं. घरीसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही. विद्यापीठाला कोणी कळवलं माझ्याबद्दल?”

आता सगळं पुन्हा सांगणं आलं, आणि तेही ओरडून. आयुष्यात कधी आवाज न चढवलेली भागूबाई डोळे मिटून ओरडली, “मी चुकून तुमच्या वर्गात आले होते.”

कॉरिडॉरभर ते ऐकू गेलं. तिला शोधत या इमारतीत आलेल्या समन्वयक बाई दार उघडून आत आल्या. मनगट चोळत होत्या, कारण दुसऱ्या चौदा नंबरात वाट बघणाऱ्या मुलाचा निरोप आल्यावर त्या स्वतः तासभर हात चालवत उभ्या राहिल्या होत्या. “त्याचा तास मी निभावला,” त्या म्हणाल्या. “तू तुझी चिठ्ठी दाखव. सही कुठे आहे?”

भागूबाईने कोरी चिठ्ठी पुढे केली. सरांनी त्या रकान्यातले शब्द वाचले. मग त्यांनी चिठ्ठी ओढून घेतली, खिशातलं पेन काढलं आणि ‘सेवा घेणाऱ्याची सही’ या शब्दांपुढे आपलं नाव पूर्ण लिहिलं. अक्षर स्पष्ट होतं.

समन्वयक बाईंनी ते दोनदा वाचलं. मग हळूच पुटपुटल्या, “अगं बाई. मग हे तोंडी परीक्षेत गुण कसे देत होते?”

“काय म्हणाल्या त्या?” सरांनी विचारलं.

खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, गाळायचं काही नाही. भागूबाई सरांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तिने मोठ्याने, शब्द न् शब्द सुटा करून, जसंच्या तसं सांगितलं.

“चेहरा बघून,” सर म्हणाले. “तुमच्याइतका भ्यालेला चेहरा दिसला की मी पैकीच्या पैकी द्यायचो.”