पल्याडचा काठ

सत्तारभाईंच्या टेकडीवर सायकलवरून कुणी आपटलं, तर "लागलं का?" असं ते कधीच विचारत नसत. आधी सायकल उचलत, तिचं पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करत, आणि मग जमिनीवर पसरलेल्या माणसाकडे वळून दणदणीत आवाजात विचारत, "पल्याडचा काठ दिसला काय?"

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पालथा होतो. तोंडात मुरूम होता. मला वाटलं, हे परलोकाबद्दल विचारतायत. मी घाबरून म्हटलं, "नाही हो, अजून शुद्धीवर आहे मी."

"मंग उठा ना बाप्पा. पाहून सांगा, पाण्याच्या पल्याड काठ दिसते का नाई?"

सत्तारभाई म्हणजे आमच्या दिग्रसच्या एका जिनिंगमधले फिटर. सारा जन्म यंत्रांच्या खडखडाटात गेल्यामुळे साधं "चहा घेता काय?" हेसुद्धा ते आग लागल्यासारखं ओरडून विचारत. वेल्डिंगने डोळे खाल्ले होते. जवळचं ठीक, पण वीस हातांपलीकडे त्यांच्या लेखी सगळीकडे धुकंच. चष्मा घ्या म्हटलं तर म्हणत, "कायले? दूरचं पाह्यासारखं हाय तरी काय इथं?"

ती कापसाची वाईट वर्षं होती. भर हंगामातसुद्धा जिनिंग आठवड्यातले निम्मे दिवस गप्प उभं असायचं. बाकीचे कामगार पारावर पत्ते कुटत बसले. सत्तारभाईंना ती शांतता सोसेना. त्यांनी एक दिवस फावडं आणि टिकास उचललं, गावामागच्या टेकडीवर गेले आणि सायकलसाठी वाटा खोदू लागले.

आमच्याकडे टेकडीवर शेळ्या जातात, लाकडं आणायला बाया जातात, परीक्षेत नापास झालेली मुलं जातात. सायकल कुणी नेत नाही. पण सत्तारभाईंची सायकल वेगळी होती. तरुणपणी ते काही वर्षं कोकणात, समुद्राकाठच्या एका गावात, भाड्याच्या सायकलींच्या दुकानात कामाला होते. तिकडचे पाहुणे जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली घेऊन डोंगर उतरायचे. सत्तारभाईंचं लग्नही तिकडेच जमलं आणि दुकानाच्या मालकाने आहेर म्हणून त्यातलीच एक सायकल दिली. "बायको अन् सायकल, दोघी एकाच यष्टीनं आणल्या," ते सांगत. "सायकल टपावर होती, हे खरं नशीब. उलटं झालं असतं त आजपर्यंत ऐकावं लागलं असतं."

गावात ती सायकल आली तेव्हा लोकांनी टायर दाबून विचारलं होतं, "ट्रॅक्टरचा हाय काय?"

आता माझं. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. डॉक्टरांनी पोट कमी करा म्हणून सांगितलं आणि मी यवतमाळला जाऊन अठरा गिअरची सायकल घेऊन आलो. त्यातले सतरा गिअर कर्रकर्र वाजायचे म्हणून मी एकच वापरायचो. सत्तारभाईंनी रस्त्यात मला थांबवलं, सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मास्तर, हिले सपाटीवर चालवणं म्हंजे बैलाले झुल्यावर बसवणं हाय. इतवारी टेकडीवर या."

गेलो. पडलो. पुढच्या इतवारी पुन्हा गेलो, पुन्हा पडलो. माणूस जिथे पडेल त्या जागेला त्याचं नाव द्यायची सत्तारभाईंची पद्धत होती. त्यामुळे थोड्याच दिवसांत टेकडीवर 'मास्तरचा मोड', 'मास्तरचा गोटा' आणि 'मास्तरची बाभूळ' अशी स्मारकं झाली. बाभळीबद्दल मी इथे काही सांगणार नाही. एवढंच सांगतो, की शुद्ध मराठी काटा रुतेपर्यंतच टिकते. मी त्या वेळी जे बोललो ते वऱ्हाडी होतं आणि खालच्या नाल्यापर्यंत ऐकू गेलं.

"तिकडं कोकणात माती लाल, आपली काळी," सत्तारभाई माझ्या पाठीतले काटे काढत म्हणाले. "पण पडल्यावर लागते सारखंच."

एकदा माथ्यावर, सागाखाली बसून चहा पिताना मी विचारलंच, "सत्तारभाई, हा काठाचा काय प्रकार आहे?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. म्हणजे आता तो फक्त आम्हाला आणि एका गुराख्याला ऐकू जात होता. "रुकय्याले समंदर दाखवाचा हाय."

रुकय्याभाभी लग्न होऊन आल्या त्यानंतर एकदोनदाच माहेरी गेल्या होत्या. पुढे आईवडील राहिले नाहीत, जिनिंगचं असं झालं, आणि दोन दिवसांचा तो प्रवास नुसता बोलण्यातच राहिला. भाभींनी कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा, वाळवण राखत अंगणात बसल्या असताना त्या सहज म्हणाल्या होत्या, "इथला वारा नुसताच येतो. पाण्यावरून येत नाही." सत्तारभाईंनी खरं तर त्याच्या दुसऱ्याच दिवशी फावडं उचललं होतं. टेकडीच्या मागच्या अंगाला धरणाचं पाणी पसरलेलं होतं. त्या उतारावर कुठेतरी अशी एक जागा असणार, जिथून नुसतं पाणी दिसेल, पलीकडची जमीन दिसणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. ती जागा त्यांच्या डोळ्यांना सापडणं शक्य नव्हतं. म्हणून माझे डोळे, चष्म्यासकट.

"पण मग बसने सरळ धरणाच्या भिंतीवर न्या की भाभींना," मी म्हटलं.

"मास्तर, समंदर असा भिंतीवर उभं राहून पाह्याचा नसते. तो का बगिचा हाय? टेकडीवरून सायकल सोडाची, झाडीतून उतरत याचं, अन् मोड आला का एकदम समोर! तिकडं तसंच हाय."

दर रविवारी ते एक नवी वाट पाण्याकडे उतरवत. मी ती उतरून, आपटून, वर येऊन सांगत असे, "दिसतो."

"कसा दिसते? बारीक का जाड?"

"जाड."

"अरे बाप्पा!" म्हणत पुन्हा फावडं.

असा पावसाळा गेला, धरण भरलं, थंडी पडली. एका रविवारी मी नवी वाट उतरलो. शेवटच्या मोडावर एका मुळावरून चाक उडालं, मी तरोट्याच्या झुडपांत गेलो आणि चष्मा कुठे गेला ते कळलं नाही. उठून पाहतो तर समोर पाणीच पाणी. वरून हाक आली, "मास्तर! पडले काय?"

चौथं स्मारक मला नको होतं. मी ओरडलो, "छे! ब्रेक मारला!"

"काठ दिसते काय?"

डोळे ताणून पाहिलं. काठ काय, मला माझी सायकलसुद्धा नीट दिसत नव्हती. म्हटलं, "नाही दिसत!"

वर फावडं खणकन पडलं. मग धावत गेल्याचा आवाज. चाचपडत चष्मा सापडला, मी तो पुसून नाकावर ठेवला, आणि समोर पाहिलं. काठ होता. चांगला जाड होता. त्यावर म्हशी होत्या, विजेचा खांब होता, एका झाडावर कुणाची तरी गोधडी वाळत होती. मी धापा टाकत माथ्यावर आलो तोवर सत्तारभाई गावात पोचले होते.

तो सगळा आठवडा मी खरं सांगायला त्यांच्या घरी जात होतो. दरवेळी दारातच ते ओरडत, "रुकय्या, मास्तर आले! यायनंच समंदर शोधला!" आणि भाभी माझ्यासमोर शेवयांची वाटी ठेवत. तोंडात शेवया असताना माणूस कसं सांगणार? वाटी रिकामी होईपर्यंत माझं धैर्यही संपलेलं असे.

रविवारी सकाळी सत्तारभाईंनी कॅरिअरवर गोधडीची घडी बांधली. भाभी एका बाजूला पाय सोडून बसल्या. ती वाट सत्तारभाईंनी स्वतःच्या हातांनी खोदलेली, त्यामुळे ती दिसते की नाही हा प्रश्नच नव्हता. ते ब्रेक दाबत दाबत निघाले. मी मागे. पुढून भाभींचा आवाज येत होता, "हळू हो! मी काय कापसाची गाठ आहे?"

साग संपले, उतार वळला आणि तो मोड आला. सत्तारभाईंनी पाय टेकले, छाती फुगवली आणि म्हणाले, "पाह्य!"

हवा लख्ख होती. धुक्याचा एक धागा नव्हता. पलीकडे म्हशी जणू आमच्यासाठीच ओळीने उभ्या होत्या. मी मागच्या मागे सायकल वळवायला लागलो.

भाभी उतरल्या. पदर सावरून बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगोबाई, पलीकडे म्हशी आहेत."

सत्तारभाईंची छाती खाली बसली. "म्हंजे… काठ हाय?" त्यांनी मान वळवली. "मास्तर!"

"सत्तारभाई, माहा चष्मा पडला होता," मी वऱ्हाडीतच शरण गेलो.

"अन् मी पोरीले समंदर म्हून सांगून राह्यलो!" ते फावड्यासाठी चाचपडल्यासारखे हात हलवत म्हणाले. ही 'पोरगी' पन्नाशीची होती. "चाल रुकय्या, बस मांगं. दुसरी वाट काढतो. खालतून काढतो."

"थांबा हो जरा." भाभी पाण्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "आमच्या घरून कुठे समुद्र दिसायचा? तुम्ही दुकानात होतात ते गाव समुद्रावरचं. आमचं घर आत, खाडीवर. पलीकडचा काठ असाच दिसायचा. तिथे माझी आत्या राहायची. संध्याकाळी ती तिकडून ओरडायची, मी इकडून."

"हे तू मले कधी सांगतलं नाई."

"तुम्ही कधी विचारलंत?"

सत्तारभाईंनी सरळच असलेलं हँडल पुन्हा सरळ केलं. आता वारा पाण्यावरून येत होता. पलीकडे म्हशींमागून एक बाई काठी घेऊन पुढे आली. भाभींनी दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि लांब, मोकळ्या आवाजात हाक दिली, "जेवलीस काय गोऽऽ?"

हाक पाण्यावरून गेली. पलीकडची बाई थबकली. मग बारीक आवाज परत आला, "होऽऽ जेवली! तू वं?"

भाभींनी हात उंच करून हलवला.

"कोण हाय तिकडं, मास्तर?" सत्तारभाईंनी हळूच विचारलं.

"एक बाई आहे. हात हलवतेय."

सत्तारभाईंनीही हात वर केला आणि मोठ्या अदबीने एका पळसाच्या झाडाकडे बघून हलवायला लागले. भाभींनी डोळे पुसले, त्यांच्या कोपराला धरलं आणि त्यांना हळूच त्या बाईकडे वळवलं.