उष्णयंत्रास सेन्सर जडविले त्याची हकीकत

श्री अग्निनारायण समर्थ. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, माघ मास, ते समयी एका राज्यात जे वर्तले ते घडले तैसे लिहिले आहे. राज्य म्हणजे एका शाळेची प्रयोगशाळा, सहा मेजे, दोन कपाटे, आणि गादीवर मुख्याध्यापिका कुंदाबाईसाहेब. पदरी विज्ञानाचे शिक्षक सदानंदपंत टिपरे आणि झाडलोट व पहारा दोन्ही पाहणारे वृद्ध शिपाई गुंडूभाऊ. पंतांचे कुटुंब शैलजाबाई त्याच दरबारी शिकवीत, त्या आश्विनात निवर्तल्या. त्यांनी आपले हाती पत्र्याचे एक लहान उष्णयंत्र केले होते. खाली कढत पाण्याचा पेला ठेविला की आतली हवा तापे, दट्ट्या वर उचले आणि त्याच्या दांडीने चाक गरगर फिरे. बाईंच्या हातचे चालतेफिरते म्हणावे ऐसे तेवढेच उरले होते, म्हणोन पंत रोज मधल्या सुटीत पाणी ठेवीत आणि डबा न उघडता चाकाकडे पाहात बसत. मग वरच्या दरबारचा हुकूम आला की यंत्रास सेन्सर जोडावे, उष्णता, दाब व फेरे मोजावे, आणि आकडे कळवावे. पंत गादीपुढे गेले आणि बोलिले, "बाईसाहेब, मी दुसरं यंत्र करतो. याला हात लावायला नको." बाईसाहेब बोलिल्या, "सर, वेळ कुठाय? आणि शैलजाबाई असत्या तर त्यांनीच आधी वायरी जोडल्या असत्या." हे खरे होते, म्हणोन पंत माघारी फिरले.

मग पंतांनी मोहीम आरंभिली. झाकणास छिद्र पाडताना बोट कापले, तरी दाबाचा सेन्सर बसला, उष्णतेचे दोन बसले, आणि राहिले फेरे. त्यासाठी चाकावर चिमुकले लोहचुंबक चिकटवावयाचे, ते सेन्सरसमोरून गेले की एक फेरा. पंतांनी चाक पुसावयास घेतले, तों काठावर वाटाण्याएवढे मळकट मेण दिसले. मेणबत्तीचा ओघळ समजोन त्यांनी ते नखाने खरवडिले, बोटांत फिरवून गोळी केली आणि टाकून दिली. मग चुंबक दांडीपाशी लाविले, पाणी ठेविले, आणि चाक अर्धे फिरून मागे आले. पुन्हा ढकलिले, पुन्हा मागे आले.

गुंडूभाऊ म्हणाले, "सर, मेण कुठाय?"

"कसलं मेण?"

"अहो, बाईंनी लावलेलं! दांडीकडची बाजू जड, म्हणून समोर मेण. कणभर काढायच्या, कणभर लावायच्या. पाच दिवस तेच चाललेलं. मी म्हटलंसुद्धा, बाई, चाकाला तीट लावताय काय?"

"मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही नवरा. मला वाटलं, तुम्हांला ठाऊक असणार."

मग पंत गुडघ्यांवर बसोन केरात शोधू लागले, आणि गोळी सापडली. मेणावर बाईंच्या अंगठ्याचा ठसा असणार, तो पंतांनीच मोडिला होता. मग नऊ दिवस ते मेण लावीत व काढीत राहिले, आणि दहाव्या दिवशी चाक अडखळत फिरले, मिनिटास चाळीस फेरे, आणि पडद्यावर रेघ उमटली आणि दरबारी टाळ्या जाहल्या. मग तक्ता भरावयास घेतला, त्यात एक रकाना होता, सेन्सर जोडण्यापूर्वीचे फेरे. पंतांनी विचारिले, "गुंडूभाऊ, आधी किती फिरायचं हो?"

"मोजलं कोणी, सर? रोज तुम्हीच तर बघत होता."

पंतांनी रकाना कोरा ठेविला. कोरा तक्ता वर चालत नाही, म्हणोन बाईसाहेबांनी तेथेही चाळीस लिहून रवाना केला.

एकूण वर्तमान इतकेच. मोहीम फत्ते जाहली. पूर्वी चाळीस, आता चाळीस, घट काही नाही, ऐसे दप्तरी दाखल आहे. मधल्या सुटीत पाणी कोणी ठेवीत नाही.