तिसरी बरणी

बावतीसकाका रोज सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सात वाजता लोणच्याच्या बरणीत फुंकायचे. बरणी काचेची, आत समुद्राचं पाणी, पाण्यात सलाईनची नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला काका. मोजून पंचवीस फुंकरा. मध्येच कुणी फाटकातून हाक मारली, तर गाल फुगलेलेच ठेवून ते एक बोट वर करत. त्या बोटाचा अर्थ साऱ्या आळीला ठाऊक होता. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन उन्हात उभा राही, गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा राही. शेवटचा बुडबुडा फुटला की काका नळी काढून म्हणत, "हं. आता बोला."

त्यांचं कौलारू घर आणि आमची इमारत यांच्यात फक्त एक कुंपण. आम्ही वसईत राहायला आलो तेव्हा आईला वाटलं, शेजारच्या गृहस्थांना दमा असावा. तिने कुंपणाशी जाऊन काळजीने विचारलं, आता कसं वाटतंय. काका म्हणाले, "भागवतायत." आई बुचकळ्यात पडून परत आली. पुढे कळलं, कुणीही तब्येत विचारली की ते स्वतःची न सांगता बरणीची सांगतात.

इथल्याच एका कॉलेजात त्यांनी सगळी नोकरी प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काढली. प्राध्यापकांनी फळ्यावर चुकीचं सूत्र लिहिलं असेल, तर काका तास संपल्यावर ते आधी बरोबर करत आणि मगच फळा पुसत. निवृत्त होताना कॉलेजने शाल दिली. काकांनी शालीऐवजी भंगारात निघालेला पितळी सूक्ष्मदर्शक मागितला. कॉलेजने दोन्ही दिलं. शाल आता सूक्ष्मदर्शकावर पांघरलेली असते.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती मतलबाने. आमचा चार-पाच जणांचा गट गावातल्या सांडपाण्याविरुद्ध पत्रकं काढत होता. आख्ख्या शहराची घाण नाल्याने समुद्रात सोडायची आणि त्याला विकास म्हणायचं, याचा आम्हाला संताप होता. हा माणूस वर्षानुवर्षं समुद्राच्या पाण्याच्या नोंदी ठेवतो असं ऐकलं होतं. मला आकडे हवे होते. काकांनी आकडे दिले नाहीत. स्टूल दिलं आणि डोळा लाव म्हणाले.

मी डोळा लावला. काचेच्या इवल्या डब्या दिसल्या, होड्या दिसल्या, फुटक्या बांगड्यांसारखे तुकडे दिसले. प्रत्येकात सोनेरी-तपकिरी ठिपका.

"पुस्तकात यांना वनस्पती-प्लवक म्हणतात," काका म्हणाले. "मी गवत म्हणतो. समुद्राचं गवत. कोळंबीपासून घोळ माशापर्यंत सगळे शेवटी याच्यावरच जगतात. आणि तू आत्ता घेतलास ना तो श्वास? दोनातला एक यांचा."

मग त्यांनी बरण्या समजावल्या. आपल्या गाड्यांचा, कारखान्यांचा धूर हवेत जातो, त्यातला कार्बन वायू समुद्र गिळतो आणि पाणी किंचित आंबटाकडे झुकतं. आपल्या जिभेला कळत नाही, पण यांना कळतं. आपल्या उच्छ्वासातही तोच वायू असतो, म्हणून फुंकर. पहिल्या बरणीत समुद्राचं पाणी आणि गवत, फुंकर नाही. दुसरीत नुसतं उकळून गाळलेलं पाणी आणि फुंकर. तिसरीत गवतही आणि फुंकरही. आठवड्यातून एकदा ते पाण्यात लाल रंगाचे थेंब टाकून रंग किती पिवळा पडला ते स्वतः रंगवलेल्या पट्टीशी ताडून पाहत.

"म्हणजे तिसरीतले मरतात," मी वही काढत म्हटलं.

"नाही गं. तेच तर. भागवतात." त्यांनी बरणी उजेडात धरली. वायू जास्त मिळाला की काहींचं उलट फावतं, अन्न करायला कष्ट कमी पडतात. पण आंबटपणा सतत शरीराबाहेर ढकलत राहावं लागतं, त्यात दम जातो. खोल समुद्रात काही जण चुन्याची कवचं करतात, त्यांचे जास्त हाल. यांना कुठे जाता येत नाही, म्हणून हे जागच्या जागी बदलतात. दिवसाला साधारण एक पिढी. आजोबांना जे जमलं नाही ते नातवाला थोडं जमतं. "पण भागतंय म्हणजे बरं चाललंय असं नाही, बाय. हे तुझ्या पत्रकात लिही."

मी ते लिहिलं नाही. पत्रकात एवढं बारीक कोण वाचतं. मी मोठ्या अक्षरात छापलं : वसईचा समुद्र मेला आहे. दुसऱ्या दिवशी पत्रक आमच्या दाराच्या फटीतून परत आलं. "मेला" या शब्दाभोवती तांबडं वर्तुळ, बाजूला एक शब्द : चूक. तिसऱ्या दिवशी पाचूबंदरच्या जेट्टीवर हिराबाई कोळणीने मला मासळीच्या टोपलीसमोरच गाठलं. मेलेल्या दर्याचा म्हावरा कोन घेनार, तू घेशील काय, असं तिने चारचौघींसमोर विचारलं. मी त्या दिवशी दोन वाटे बोंबील घेतले.

हिराबाईचा काकांशी जुना परिचय होता. काका दर गुरुवारी भरतीला जेट्टीच्या टोकावर कॅन घेऊन येत. सुरुवातीला कोळणींना वाटलं, हा सरकारी माणूस, पाणी तपासायला येतो. म्हणून त्या त्याला गाऱ्हाणी सांगू लागल्या. जाळ्यात प्लॅस्टिक येतं, पाण्याला साबणाचा वास येतो, बर्फ वेळेवर मिळत नाही, जावई दारू पितो. काकांनी सगळं इमानाने वहीत टिपून घेतलं, तारीख-वारासकट, जावई धरून. आपण सरकारी नाही हे त्यांनी सांगितलं तेव्हा हिराबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लिवनारा तू एकच हाय."

चर्चमध्येही त्यांनी एकदा कमाल केली. रविवारच्या मिस्सात सामुदायिक प्रार्थनांच्या वेळी, आजाऱ्यांसाठी आणि परदेशी गेलेल्या मुलांसाठी प्रार्थना झाल्यावर, काका आपल्या बाकावरून उठले आणि मोठ्याने म्हणाले, "समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींसाठी, आपण प्रार्थना करू या." फादरनी दचकून वर पाहिलं. पण सवयीचा जोर असा की सगळं चर्च एका सुरात म्हणालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे."

गेल्या वर्षी काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. त्यांचा पुतण्या मुंबईत राहतो, ऑपरेशन तिथेच करायचं ठरलं. दहा दिवस खाली वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, फुंकायचं तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. काका दोनदा तारीख पुढे ढकलून मोकळे झाले. पुतण्या वैतागून आमच्याकडे आला. शेवटी मी कुंपणापलीकडे जाऊन म्हटलं, मी फुंकते.

काकांनी माझी परीक्षा घेतली. पाच दिवस शेजारी उभं राहून त्यांनी माझ्या फुंकरा मोजल्या. मग एक कागद दिला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. सकाळ-संध्याकाळ पंचवीस. गुरुवारी तिसऱ्या बरणीतलं अर्धं पाणी काढून ताजं भरायचं. पाणी जेट्टीच्या टोकाचंच, पूर्ण भरतीचं, मलमलीतून गाळून, उकळून, थंड करून. "पूर्ण भरतीचं" याखाली दोन रेघा.

मी आठवडाभर नेमाने फुंकलं. गुरुवारी भरती दुपारी होती आणि दुपारी आमची सभा होती, सांडपाण्यावरच. म्हणून मी सकाळीच कॅन घेऊन जेट्टीवर गेले. हिराबाई जाळं सोडवत बसली होती. तिने वर न बघता सांगितलं, "आता सुकती हाय. पानी खाडीचा हाय सगला. दुपारी ये." मी म्हटलं, ओहोटीचं असलं तरी उकळणारच आहे ना. टोकापर्यंत चिखल होता म्हणून मी जवळच्या बाजूने, जिथे ओहोटीला नाल्याचा प्रवाह येऊन मिळतो तिथे कॅन बुडवला. घरी येऊन गाळलं, उकळलं, थंड करून बरणीत ओतलं आणि सभेला गेले. सभेत माझं भाषण चांगलं झालं. उकळून जंतू मरतात, नाल्यातली रसायनं मरत नाहीत, हे वाक्य मी त्याच भाषणात बोलले.

शुक्रवारी बरणीचा रंग उतरला. शनिवारी पाणी स्वच्छ झालं, इतकं स्वच्छ की बरणीतून पलीकडचं कुंपण दिसलं. तळाशी पिवळसर साका. मी शाल बाजूला करून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. डब्या होत्या, होड्या होत्या, ठिपका एकातही नव्हता.

यावर काही उपाय असेल म्हणून मी काकांच्या वह्या उपसल्या. सगळ्यात तळाशी पहिली वही होती. तिच्यातलं अक्षर काकांचं नव्हतं. गोल, सावकाश काढलेलं बाईचं अक्षर होतं.

"सोमवार. ११. मग खोकला."

"गुरुवार. १७. हे म्हणतात, रंग चांगला आहे."

"शनिवार. २५. यांनी टाळ्या वाजवल्या, वेड्यासारख्या."

काकांच्या बायको, मार्थाकाकू, आम्ही येण्याच्या आधीच गेल्या होत्या. त्यांची फुप्फुसं आकसत गेली होती एवढं आईकडून ऐकलं होतं. डॉक्टरांनी त्यांना पाण्यात बुडबुडे काढायचा व्यायाम दिला होता. मुखपृष्ठाच्या आत काकांनी पेन्सिलीने लिहिलं होतं : रिकाम्या पाण्यात फुंकायला मार्था कंटाळते. आजपासून पाण्यात गवत.

पुढे आकडे उतरत गेले. १४. ९. ६. एका पानावर नुसता ४. त्याच्या दुसऱ्या दिवशी नोंद नाही. तिसऱ्या दिवसापासून काकांचं अक्षर, २५. मग रोज २५, वहीमागून वही.

काका मंगळवारी सकाळी परतले, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. मी त्यांच्या ओट्यावरच बसले होते. चहा होईपर्यंतही मला थांबवेना. मी म्हटलं, "काका, तिसरी बरणी गेली. मी सुकतीचं पाणी भरलं."

त्यांनी चष्मा काढला आणि बरणी उजेडात धरली. मग विचारलं, "कुठल्या बाजूने भरलंस?"

"नाल्याच्या."

त्यांनी वही घेतली, तारीख घातली, दोन ओळी लिहिल्या आणि टोपण लावलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी घाईघाईने म्हटलं, पहिल्या बरणीतलं गवत जिवंत आहे, त्यातून परत सुरू करता येईल, या वेळी सगळं मी करीन.

"येईल ना. वर्षभरात शिकतील तेही." ते खुर्चीत बसले. "हे मात्र तिच्याकडून शिकले होते."

मी वही वाचली हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ती पलंगावर उघडीच होती.

"तुला वाटत असेल, म्हातारा बायकोचा श्वास जपून बसलाय," ते म्हणाले. "तसं नाही. तिच्या श्वासातला कार्बन त्यांनी खाल्ला, अंगाला लावला, खरं आहे. पण दर गुरुवारी मी अर्धं पाणी फेकत होतो. अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं. दोन-तीन वर्षांत एक कणसुद्धा उरत नाही. मी गणित केलंय. दोनदा केलं. बरणीत ती कधीच नव्हती, बाय. तुझ्या हातून काही गेलेलं नाही."

हे ते माझ्यासाठी बोलत होते. बोलताना त्यांचा नवा डोळा बरणीवर होता आणि त्यातून पाणी येत होतं. ऑपरेशननंतर येतं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

मी बरणी धुऊन आणू का विचारलं. राहू दे म्हणाले. मग मी पिशवी उचलली आणि निघाले. फाटकाची कडी काढत होते तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"आणखी थोडा वेळ बसतेस का? नाही, काम काही नाही. आता सकाळी मला काहीच काम नाही."