बिराजदार सरांचा ड्रॅगन

आमच्या बिराजदार सरांच्या घरी एक ड्रॅगन आहे आणि तो कित्येक वर्षांपासून ताटकळत बसलाय. घरी म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरात. उत्तरेच्या डोंगरावर एक पडका बुरूज आहे, त्या बुरुजावर तो झोपलेला. सरांनी तलवार घेऊन तिथं जायचं, त्याला उठवायचं आणि मग दोघांची जुंपायची, असा सगळा बेत गेम बनवणाऱ्यांनी करून ठेवलाय. पण सर जातच नाहीत. विचारलं की म्हणतात, "जाऊ की मॅडम. त्याला कुठं पेपर द्यायचाय?" ड्रॅगनला बोलता येत नाही म्हणून बरं, नाहीतर त्यानं आमच्या क्लासच्या ऑफिसात येऊन तक्रार केली असती.

सर आणि मी लातुरातल्या एकाच क्लासमध्ये शिकवतो. ते फिजिक्स, मी बायोलॉजी. घरंही शेजारी शेजारी, मधे एक भिंत. सरांनी पन्नाशी ओलांडलीय, केस पिकलेत, शर्टाच्या खिशात कायम खडू, कारण पांढऱ्या फळ्यावरचं ते मार्कर त्यांना "औषधाच्या वासाचं" वाटतं. अशा माणसाला गेमचं वेड असेल हे मला सांगूनही पटलं नसतं. एकदा लोणचं द्यायला गेले तर सर कॉम्प्युटरपुढे बसलेले. मला वाटलं, प्रश्नपत्रिका काढतायत. बघते तर पडद्यावर जंगल, आणि डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण घातलेला एक आडदांड गडी रमतगमत चाललेला.

"हे काय सर?"

"फिरायला निघालोय मॅडम. बसा."

मी बसले. सर फिरत होते. ओढा आला, पूल आला, एक मेंढपाळ आला. सरांनी गड्याला थांबवून मेंढ्या जाऊ दिल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही नव्हतं. ह्या गेममध्ये एक अख्खं जग असतं. डोंगर, नद्या, गावं, बाजार, त्यातली माणसं. कुठंही जा, कुणी अडवत नाही. सरांचा एक जुना विद्यार्थी इंजिनिअर झाला, त्यानं गुरुदक्षिणा म्हणून हा कॉम्प्युटर दिला आणि गेम आत घालून दिला. बाकीची मंडळी त्या जगात राक्षस मारतात, खजिने लुटतात, राजे होतात. आमचे सर एका गावात राहतात. डोंगराच्या पायथ्याशी छोटंसं गाव, दगडाच्या भिंतींची घरं, वाकड्यातिकड्या गल्ल्या. तिथल्या सगळ्यांना सरांनी आपली नावं देऊन टाकलीत. लोहाराच्या भात्यापाशी बसतो तो गुंडप्पा. लाकडं फोडतो तो इस्माईलभाई. आणि खाणावळ चालवणाऱ्या म्हातारीला मात्र नाव नाही. तिला ते नुसतं "त्या" म्हणतात.

एकदा माझ्या नणदेचे जावई नांदेडहून आले होते. ते ह्या गेममधले पोचलेले. ड्रॅगन त्यांनी पहिल्याच आठवड्यात लोळवला होता. मोठ्या उत्साहानं ते सरांशेजारी खुर्ची ओढून बसले, आणि थोड्याच वेळात त्यांचा चेहरा आंबट व्हायला लागला.

"सर, त्या पेटीत सोनं आहे. उचला!"

"कुणाचं हाय?"

"कुणाचं म्हणजे? गेममधलं!"

"गुंडप्पाची पेटी हाय ती. तो समोर बसलाय आन् मी त्याच्या पेटीत हात घालू?"

पुढं सरांना दूरच्या शहरात जायचं होतं. जावई म्हणाले, नकाशावर नुसतं क्लिक करा, डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचाल. सर म्हणाले, "मग वाटंत कोण भेटंल?" आणि चालायला लागले. जावयांनी कपाळ दाबून चहा मागितला. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, "अहो, पण ड्रॅगन का नाही मारत?"

"तो उठला की आधी ह्या गावावर येतो. म्या वाचलंय. घरं पडतेत. माणसं जातेत, ती परत न्हाई येत."

"सर, ती खरी माणसं नाहीत."

"ते मला कळतंय की," सर शांतपणे म्हणाले. "मी फिजिक्स शिकवतो."

जावयांनी चहा अर्धा सोडला. घरी येऊन मला म्हणाले, "मामी, तुमचे शेजारी जरा सरकलेले आहेत." मी त्यांना म्हटलं, लातुरात सगळेच थोडे सरकलेले आहेत, तुम्ही जेवून घ्या.

सरांची दुसरी खोड म्हणजे 'येतो'. आपल्याकडं निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, अशुभ असतं, 'येतो' म्हणतात. म्हणतात आणि जातात, लगेच परत येणं कुणाला अपेक्षित नसतं. सर येतात! सकाळी किराणा दुकानदाराला "येतो" म्हटलं की संध्याकाळी त्याच्या दुकानापुढे हजर. काही घ्यायचं नसतं. "येतो म्हणलो होतो" एवढं सांगतात आणि घरी जातात. दाताच्या डॉक्टरांना त्यांनी "येतो" म्हटलं आणि दात दुखत नसताना पुढच्या आठवड्यात जाऊन बसले. लग्नसराईत तर विचारू नका. एका तिथीला औसा, रेणापूर आणि उदगीर तिन्हीकडं "येतो" म्हणून बसले, आणि तिन्हीकडच्या अक्षता टाकून आले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. सुनंदावहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, त्यांना कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बघतो म्हणावं माणसानं. बघतो म्हणायला काय जातंय तुमचं?"

गेममध्येही तेच. गावाबाहेर पडताना सर त्या पुलापाशी थांबून, मोठ्यानं, पडद्याकडं बघून "येतो" म्हणतात. आणि कुठंही भटकले तरी कॉम्प्युटर बंद करायच्या आधी चालत गावात परत येतात. खाणावळीत शिरतात, गड्याला भाकरीचा तुकडा खायला घालतात, झोपवतात, मगच बटण बंद. ह्या एका कारणासाठी त्यांनी इन्व्हर्टर घेतला. आमच्याकडं वीज कधी जाईल ह्याचा भरवसा नाही, आणि गडी रानात असताना गेली तर? त्या इन्व्हर्टरवर पंखा चालत नाही, मिक्सर चालत नाही. घामाघूम झालेल्या वहिनी वर्तमानपत्रानं वारा घेत आत-बाहेर करतात आणि पंख्याखाली नसलेले सर गारेगार डोंगरात हिंडत असतात.

मी हे सगळं क्लासच्या स्टाफरूममध्ये रंगवून सांगायचे. सर स्वतःही हसायचे.

मग एका उन्हाळ्यात गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. संध्याकाळची वेळ. सर डोंगरावर गेले होते, खाणावळीतल्या म्हातारीला खोकल्यावर कसलीशी वेल पाहिजे होती म्हणून. वीज गेली, आणि नेमकी त्याच आठवड्यात इन्व्हर्टरची बॅटरीही म्हातारी झालेली. ती एकदा कण्हली आणि संपली. पडदा काळा. गडी डोंगरावरच.

दुसऱ्या दिवशी सर क्लासला आले ते हरवल्यासारखे. फळ्यावर गणित अर्धं सोडून खिडकीबाहेर बघत राहिले. दुपारच्या चहाला आलेच नाहीत. वीज अजून आली नव्हती. मी घरी जाताना वहिनी फाटकात उभ्या होत्या. मी नेहमीच्या सवयीनं थट्टा केली, "काय, गडी अजून रानातच का?"

वहिनी हसल्या नाहीत.

"काय सांगू माय," त्या म्हणाल्या. "रात्री जेवले न्हाईत. माझं लग्न नंतरचं, मी सगळं ऐकलेलं हाय. भूकंपाच्या वर्षी ह्यांनी इथं नवी नवी शिकवणी सुरू केली होती. गणपती बुडवायला गावाकडं येतो म्हणून सांगून आले होते. पोरांची टेस्ट ठेवली म्हणून ऱ्हायले. पहाटं गाव पडलं. अव्वा, म्हणजे ह्यांच्या आई, गेल्या, वडील गेले, गुंडप्पा, इस्माईलभाई, सगळी गल्ली गेली. हे पोचले तर आपलं घर कोणतं तेच कळंना ह्यांना. सगळीकडं नुसते दगड. शेजारची एक बाई वाचली होती, ती म्हणाली, तुझ्या अव्वानं रात्री भाकर झाकून ठेवली होती. येतो म्हणून गेलाय, येईल, म्हणली."

वहिनी पुढं म्हणाल्या, "सरकारनं वसवलेल्या नव्या गावात घर मिळालं की आम्हाला. एकदाच गेले. म्हणले, रस्ते लई सरळ हायेत. वळणच न्हाई. वळल्याबिगर गाव दिसतंय का?"

मी आत गेले. सर बंद कॉम्प्युटरसमोर बसले होते. मी म्हटलं, "सर, क्लासला जनरेटर आहे. मोठा हॉल आत्ता मोकळा असतो. चला."

रिक्षातून आम्ही निघालो. कॉम्प्युटरचा डबा सरांनी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता आणि प्रत्येक खड्ड्याला त्यावर हात दाबून धरत होते. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, "लेकरू आजारी हाय का सर?" सर म्हणाले, "न्हाई. जरा बाहेर अडकलंय."

हॉलमध्ये प्रोजेक्टर होता. तो जोडला, आणि भिंतभर डोंगर उभा राहिला. संध्याकाळ होती तिथं. गडी हातात वेल घेऊन जसाच्या तसा उभा; गेम आपोआप सगळं जपून ठेवतो म्हणे. सरांनी मोठा श्वास सोडला आणि चालायला सुरुवात केली.

एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो होतो. इतकी वर्षं लातुरात शिकवून विसरावी अशी ती नाही. इथं बॅचला कुणी वेळेवर येत नाही, पहिला बाक धरायला पोरं कितीतरी आधी येऊन बसतात. दार उघडलं, दोन मुली दफ्तरं सांभाळत आत आल्या आणि थबकल्या. मग आणखी चार. मग बाक भरायला लागले. मी सरांना हाक मारणार होते, पण त्यांचं लक्षच नव्हतं. मग मीही मारली नाही.

"आयला, सर हा गेम खेळतेत?" मागून कुणीतरी कुजबुजलं. दुसरा धीर करून म्हणाला, "सर, नकाशावर क्लिक करा, डायरेक्ट गावात पोचता."

"चालत जायचं, बाळा," सर मागं न बघता म्हणाले.

गडी उतरत होता. उजेड कमी होत चालला होता. झाडांतून वाट वळत होती. खरं सांगते, त्या हॉलमध्ये इतकी शांतता मी परीक्षेतही ऐकलेली नाही. ही सगळी पोरं कुठून कुठून आलेली, होस्टेलच्या खोल्यांत कोंबलेली, मेसची पातळ आमटी खाणारी. दिवाळीलासुद्धा टेस्ट असते म्हणून कित्येकजण घरी जात नाहीत. आणि त्या टेस्ट आम्हीच ठेवतो.

पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या गावाकडं पण असंच वळण हाय. वळलं की चिंच दिसती."

"आमच्याकडं आधी पाण्याची टाकी दिसती," मागून एकजण.

"आमच्याकडं दर्ग्याचं हिरवं निशाण."

"आमचं कुत्रं येतंय फाट्यापर्यंत."

मग जो तो सांगायला लागला. लोह्याकडचा, मुदखेडकडचा, निलंग्याकडचा. मला माझं माहेर, मुदखेड आठवलं. गाडी हळू होते, रूळ फुटत फुटत जातात आणि लांबून स्टेशनचे दिवे दिसतात. आई गेल्यापासून मी तिकडं फिरकलेली नाही. मी खिडकी उघडायला गेले.

वाट वळली आणि गाव दिसलं. पूल, गल्ली, खिडक्यांत दिवे. सर गुंडप्पापाशी थांबले, इस्माईलभाईपाशी थांबले. खाणावळीचं दार उघडलं. आत चुलीपाशी म्हातारी उभी होती. ती रोजचं तिचं एक इंग्रजी वाक्य बोलली. सरांनी वेल तिच्या हातात दिली, आणि हॉलमध्ये आपण आहोत हे विसरून, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आलो, अव्वा. उशीर झाला."

कुणीही हसलं नाही.

थोड्या वेळानं सरांनी गेम बंद केला, वळले, आणि भरलेला हॉल बघून त्यांचे कान लाल झाले. खिशातून खडू काढला, पांढऱ्या फळ्यावर उमटत नाही हे लक्षात आल्यावर परत ठेवला. मग म्हणाले, "येत्या रविवारची टेस्ट नंतर बघू. गावाकडं जाऊन या सगळे." क्लासच्या मालकांना हे कोण सांगणार हा प्रश्न होता. तो माझ्यावर आला आणि मी तो निभावला.

बॅच संपल्यावर आम्ही परतलो. गल्लीत अजून अंधार होता. वहिनी फाटकात वाट बघत उभ्या होत्या. सर डबा छातीशी धरून रिक्षातून उतरले.

"पोचलाव का?" वहिनींनी विचारलं.

"पोचलो."

"जेवलाव का तिथं?"

"हाव," सर म्हणाले. "भाकर झाकून ठेवली होती."

वहिनींनी त्यांच्या हातातला डबा घेतला आणि त्या आत गेल्या.