प्रेमलालजींनी आणलेलं काळीज

प्रेमलालजींनी तिरोडीच्या खाणीत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं आणि एकतीस वर्षांत एकदाही चुकीची वस्तू कुणाच्या हातात पडू दिली नाही! पाव इंची नट मागितला तर पाव इंचीच! निवृत्त होऊन बालाघाटला घर बांधलं, पण हा अभिमान काही निवृत्त झाला नाही. म्हणून नागपूरहून आलेल्या लेकीनं, नूतननं, सकाळी चहा पिता पिता "मले बकऱ्याचं ताजं हृदय पाहिजे," म्हटलं, तेव्हा त्यांची छाती लगेच फुगली.

नूतनचं कामच तसलं. काहींच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात. मग डॉक्टर मांडीच्या शिरेतून बारीक तार आत घालून हृदयातली गडबड करणारी जागा जाळतात. ती नीट जळली की मधे कुठं कच्ची राहिली, हे प्रकाश टाकून पाहायचं यंत्र नूतनच्या प्रयोगशाळेत तयार होत होतं. दुपारी तीन वाजता गावातल्या एका कॉलेजात ती ते बकऱ्याच्या हृदयावर करून दाखवणार होती.

"मी आनतो!" प्रेमलालजी म्हणाले.

"तुम्ही? मटनाचं दुकान आलं का नाकाले रुमाल लावता न, बाबा!"

"रुमाल लावूनच आनतो! स्टोअरकीपर हाओ मी!"

बाबूलालच्या दुकानात जन्मात पहिल्यांदा पाय ठेवून, डोळे मिटून, रुमालातून ते म्हणाले, "काळीज द्या. एकदम ताजं."

"कलेजी? अभी निकाली है, बाबूजी!"

पिशवीत साप असावा तशी ती एका हातानं लांब धरून, दुसऱ्या हातानं स्कूटर चालवत ते घरी आले. नूतननं अंगणात पिशवी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हे तं लिव्हर आहे!"

"काहून? मी काळीजच मागतलं!"

"दुकानात कलेजी म्हंजे लिव्हर! हृदयाले तिथं दिल म्हनतात!"

प्रेमलालजी मटकन ओट्यावर बसले. आजवर जेव्हा जेव्हा काळजात धस्स झालं, ते नेमकं कुठं झालं हेच त्यांना कळेना. त्यांची बायको कमला तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. आतून हसण्याचा आवाज आला. एकतीस वर्षांची अब्रू एका पिशवीत गेली होती!

त्यांनी तिथूनच बाबूलालला फोन लावला. फोनवर ते नेहमीच, पलीकडचा माणूस खाणीच्या तळाशी उभा असल्यासारखे बोलत.

"बाबूलाल! दिल चाहिये, दिल! हौ, लड़की के लिए! नूतन के लिए! तीन बजे से पहले लगाना है! सबेरे वाला गलत निकला!"

कुंपणापलीकडे शेजारी तेजराम सायकल पुसत होता. नूतनचं स्थळ लांजीच्या रजतसाठी त्यानंच सुचवलं होतं. पुढच्या महिन्यात साखरपुडा होता. तेजरामच्या हातातलं फडकं गळून पडलं. त्यानं रजतच्या वडिलांना फोन लावला.

"चंदूभाऊ, घात झाला! पोरीचं हृदय गेलं! बापानं सकाळी एक आनलं, थे चुकीचं निघालं! आता दुसरं आनाले धावून राह्यला!"

इकडे प्रेमलालजी दुसऱ्या खेपेला खरोखर हृदय घेऊन आले. यावेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. कॉलेजात नेण्याआधी घरीच एकदा करून पाहावं म्हणून नूतननं ते थाळीत ठेवलं, यंत्र लावलं, हातमोजे चढवले. तेवढ्यात दारात जीप थांबली. पुढं रजतचे वडील चंद्रशेखर, मागं त्यांची बायको मंजुषाबाई, आणि जीपचा आवाज ऐकून धावत आलेला तेजराम.

चंद्रशेखरांनी थाळीकडे पाहिलं. "हेच का थे?"

"हौ!" प्रेमलालजी अभिमानानं म्हणाले. "अस्सल! आता लगेच लावतो."

"कोन लावते? डॉक्टर कुठं आहे?"

"डॉक्टर काहाले पाहिजे? नूतनच लावते! आधी जाळते, मंग पाहाते!"

चंद्रशेखर भिंतीला टेकले. मंजुषाबाईंनी पुढं होऊन नूतनचे दोन्ही हात धरले. "बाई, तू उभी तरी कशी हायेस?"

मग सगळा उलगडा झाला. नूतन हसता हसता खालीच बसली, कमलाबाई पुन्हा आत पळाल्या, आणि तेजरामला आपली सायकल पुसायची राहिल्याचं आठवलं.

हसल्या नाहीत त्या फक्त मंजुषाबाई. नूतननं हृदयावर तापलेल्या टोकानं ठिपके दिले आणि पेनासारखी नळी त्यावरून फिरवली. पडद्यावर जळालेली जागा वेगळी दिसली, चांगली वेगळी. दोन ठिपक्यांमधली कच्ची फटही दिसली.

"अशी फट राह्यली तं?" मंजुषाबाईंनी हळूच विचारलं.

"तं धडधड परत सुरू होऊ शकते."

चंद्रशेखर खोकले. मंजुषाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"माझं बी हृदय असंच जाळलं आहे मागच्या साली. तुमच्यापासून लपवलं. लोक म्हनतीन, दुखनाईत सासूच्या घरी पोरगी कशी द्याची!"

प्रेमलालजींना वाटलं, जिनं भ्यायला हवं होतं तीच बाई लांजीहून इथवर लेकीचे हात धरायला आली. त्यांनी खुर्ची ओढून दिली, धोतराच्या सोग्यानं पुसूनसुद्धा!

"माझं यात दिसन का, बाई?"

"नाई, आई," नूतन म्हणाली. "हे अजून मानसात वापरत नाई. तुम्ही डॉक्टरांकडे तपासून घेत राहा. धडधड होते का आता?"

"आठ महिने एकडाव बी नाई. आज जीपमधी झाली, पन थे तुह्या बापानं केली!"

नूतननं त्यांचं मनगट धरून घड्याळ लावून ठोके मोजले. एकसारखे, संथ. मंजुषाबाईंनी दीर्घ श्वास सोडला आणि कमलाबाईंकडे चहा मागितला, जास्त साखरेचा.

कॉलेजातला कार्यक्रम झकास झाला. मंजुषाबाई पहिल्या रांगेत बसल्या आणि पडद्यावर ठिपका दिसला की शेजारच्या मास्तरीणबाईंना कोपर मारून सांगत, "माझ्यात असे पुष्कळ आहेत!" शेवटी प्राचार्यांनी व्यासपीठावरून आभार मानले, "और इस कार्यक्रम के लिए हृदय देने वाले पिताजी का भी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रेमलालजी उठून उभे राहिले. दोनदा!

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरमध्ये त्यांचा फोटो आला. वर ठळक अक्षरांत मथळा होता: 'पिता ने बेटी को दिया अपना दिल'.

आठ वाजता पहिले पाहुणे सफरचंदं घेऊन आले. साडेआठला लालबर्ऱ्याची मावसबहीण रडत आली. प्रेमलालजींनी चार जणांना समजावलं, पाचव्याला समजावलं, सहाव्यानं मधेच त्यांना हात धरून बसवलं आणि म्हटलं, "बोलू नोका भाऊजी, टाके तुटतीन!"

नवव्याच्या वेळी ते मुकाट्यानं खाटेवर आडवे झाले, गळ्यापर्यंत चादर ओढली आणि बारीक आवाजात म्हणाले, "आता बरं वाटून राह्यलं. सफरचंद तेवढं कापून द्या."